बिनसावलीचा उजेड

फोटोग्राफीला आपल्या भाषेंत 'छायाचित्रण' असें नांव रूढ झालें ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. सर जॉन हर्शेल यानें इ. स. १८३९ मध्यें जो इंग्रजी शब्द प्रचारांत आणला त्याचा ग्रीक मुळाप्रमाणें अर्थ 'प्रकाशानें लिहिणें' असा होतो. युरोपानें या कलेंत प्रकाश पाहिला, आपण छाया पाहिली. दोन्ही नांवें खरीं आहेत. कारण प्रकाशावांचून कांच किंवा फिल्म कांहीं टिपीत नाहीं, आणि छायेवांचून टिपलेल्या वस्तूला उठाव येत नाहीं. चेहऱ्याचें नाक, डोंगराची धार, देवळाच्या खांबावरील नक्षी हीं सारीं आपल्याला दिसतात तीं सावलीमुळें. असें असतां, ज्याचा सारा खटाटोप सावली नाहींशी करण्यासाठीं आहे अशा एका दिव्याचा इतिहास आम्ही येथें सांगणार आहोंत. वाचकांस तो प्रथम विक्षिप्त वाटेल. परंतु त्या इतिहासांत पुठ्ठा, चष्म्याची भिंगें, तळण्याची कढई आणि घरांतली पांढरी चादर अशा वस्तु जागोजाग भेटतात, आणि त्यांच्याकडून आपल्या प्रांतानें घेण्याजोगा एक धडा आहे, असें आमचें मत आहे.

हा दिवा म्हणजे 'रिंग फ्लॅश'. त्याला कंकणदीप म्हणतां येईल. डोक्यावर घागर घेतांना बायका चुंबळ करतात, तिचा आकार डोळ्यांपुढें आणावा. मधल्या पोकळींतून कॅमेऱ्याचें भिंग बाहेर पाहतें आणि भोंवतालच्या गोलांतून उजेड पुढें जातो. एरवीं दिवा एका बाजूस असला कीं वस्तूची सावली दुसऱ्या बाजूस पडते. येथें भिंगाच्या डावीकडून, उजवीकडून, वरून व खालून सारखाच उजेड येत असल्यामुळें एका बाजूची सावली दुसऱ्या बाजूचा उजेड पुसून टाकतो. याची गरज मुख्यतः भासते ती अगदीं जवळून चित्र घेतांना. मुंगीचें किंवा दाताचें चित्र घ्यावयाचें झाल्यास भिंग वस्तूपासून चार-सहा इंचांवर न्यावें लागतें. तेथें कॅमेऱ्याच्या डोक्यावरील दिवा निरुपयोगी होतो. त्याचा उजेड वस्तूच्या वरून निघून जातो, नाहीं तर भिंगाच्या नळीचीच सावली मध्यें पडते. शिवाय इतक्या जवळून पाहतांना स्पष्ट दिसणारी खोली फार थोडी असते. ती वाढवावी म्हणून भिंगाचें छिद्र बारीक करावें लागतें, आणि छिद्र बारीक केलें कीं उजेड पुष्कळ लागतो. म्हणजे उजेड हवा तो अधिक, आणि त्याला यावयाला वाट ती अडचणीची. ही अडचण सोडविण्यासाठीं दिवाच भिंगाभोंवतीं गुंडाळण्याची कल्पना निघाली.

ही कल्पना फोटोग्राफीपेक्षां पुष्कळ जुनी आहे. सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पारदर्शक वस्तु पाहणें सोपें. तिच्या खालून उजेड सोडला कीं काम भागतें. परंतु किड्याची पाठ, धान्याचा दाणा अशी अपारदर्शक वस्तु पाहावयाची तर उजेड वरूनच टाकला पाहिजे, आणि वर तर भिंग बसलेलें. देकार्त यानें इ. स. १६३७ च्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथांत भिंगाभोंवतीं खोलगट आरसा बसविण्याची योजना चित्रासह दाखविली होती. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं बर्लिनचा वैद्य लीबरक्यून यानें ती अशी कांहीं व्यवहारांत आणली कीं त्या आरशाला त्याचेंच नांव पडलें. चांदीसारखा चकचकीत, वाटीच्या आकाराचा आरसा, त्याच्या मधोमध भोंक, भोंकांत भिंग. बाहेरून आलेला उजेड वाटीवर पडून गोलाकार फिरे आणि सर्व बाजूंनीं वस्तूवर एकवटे. आजच्या कंकणदीपाचा हा खापरपणजा होय.

एकोणिसाव्या शतकांत याच कुळांतलीं दोन उपकरणें वैद्यकांत जन्मास आलीं. त्यांची हकीकत आमच्या विषयाला फारच लागू आहे. माणसाच्या डोळ्याची बाहुली काळी कां दिसते? तिच्यांत डोकावणाऱ्याचें डोकेंच उजेडाच्या वाटेंत येतें म्हणून. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यानें इ. स. १८५१ मध्यें ही कोंडी फोडली. पाहण्याची वाट आणि उजेडाची वाट एकच केली म्हणजे बाहुलीच्या आंतला पडदा प्रकाशून दिसतो, हें त्यानें ताडलें; आणि त्यासाठीं जें उपकरण रचलें तें पुठ्ठा, चष्म्याचीं भिंगें, सूक्ष्मदर्शकाच्या पातळ कांचा आणि सरस यांचें होतें. जिवंत माणसाच्या डोळ्यांतला पडदा त्या पुठ्ठ्याच्या नळींतून दिसूं लागला. दुसऱ्याच वर्षीं रूएटे यानें कांचांच्या ऐवजीं मध्यें भोंक असलेला खोलगट आरसा वापरला. इ. स. १८५४ मध्यें मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकानें पॅरिसमध्यें सहा फ्रँकांस दंतवैद्याचा एक लहान आरसा विकत घेतला, दुसऱ्या आरशानें सूर्याचा कवडसा त्यावर पाडला, आणि स्वतःच्या गळ्यांतील स्वरतंतु हालतांना प्रत्यक्ष पाहिले. कान-नाक-घशाचे जुने डॉक्टर कपाळावर जो गोल आरसा बांधून बसत आणि त्याच्या भोंकांतून रोग्याच्या घशांत पाहत, तो याच परंपरेंतला. आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं त्या आरशापुढें भीत भीत तोंड उघडलें असेल.

आतां उजेडाकडे वळूं. आरसा उजेड वळवितो, उत्पन्न करीत नाहीं. आणि फोटोग्राफीचीं पहिलीं पन्नास वर्षें बहुतांशीं सूर्याच्या मेहेरबानीवर गेलीं. तरी धडपड चालू होती. इ. स. १८५१ मध्यें टॅल्बट यानें लंडन येथें 'टाइम्स' पत्राचा एक कागद फिरत्या चाकाला चिकटविला, विजेची ठिणगी पाडली, आणि चाक गरगर फिरत असतां त्याचें चित्र घेतलें. पॅरिसच्या नादार यानें इ. स. १८६१ मध्यें विजेचे दिवे व बॅटऱ्या घेऊन शहराखालच्या अस्थिविवरांत प्रवेश केला. तेथें एकेका चित्रास अठरा अठरा मिनिटें लागत. इतका वेळ जिवंत मजूर स्थिर राहणार नाहीं म्हणून त्यानें मजुराचे कपडे घातलेले पुतळे उभे केले! पुढें मॅग्नेशियमची तार जाळून उजेड पाडण्याची युक्ति निघाली. इ. स. १८६४ मध्यें मँचेस्टर येथें त्या उजेडांत मनुष्याचें चित्र घेतलें गेलें, आणि १८६५ मध्यें पियाझी स्मिथ यानें ईजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटांतील दालनें त्याच उजेडांत टिपलीं. इ. स. १८८७ मध्यें मीटे व गेडिके या दोन जर्मनांनीं मॅग्नेशियमच्या भुकटींत पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड मिसळून भपकन् पेटणारी दारू तयार केली. येथून 'फ्लॅश' या शब्दाला आजचा अर्थ आला.

या दारूनें काय साधलें हें पाहावयाचें तर न्यूयॉर्कच्या जेकब रीस याचें उदाहरण घ्यावें. हा वृत्तपत्राचा बातमीदार. गरीब वस्त्यांतल्या काळोख्या खोल्यांत एकेका जागीं दहाबारा माणसें कशीं निजतात हें त्यानें पुष्कळदां लिहिलें, पण वाचणाऱ्यांस तें पटेना. तेव्हां त्यानें हा उजेड हातीं घेतला. आरंभीं दारूचीं काडतुसें पिस्तुलांतून उडवीत; पण मध्यरात्रीं पिस्तूल घेऊन शिरणाऱ्या पाहुण्यास पाहून लोक खिडकीवाटे पळूं लागले. मग रीसनें पिस्तूल टाकलें आणि स्वयंपाकघरांतलें तळण्याचें पसरट भांडें घेतलें. दारू त्यांत पेटवावयाची. या उजेडांत घेतलेल्या चित्रांच्या आधारें इ. स. १८९० मध्यें त्याचें प्रसिद्ध पुस्तक निघालें, आणि शहराच्या घरबांधणीच्या सुधारणेस त्यानें मोठी चालना दिली. ज्या खोल्यांत सूर्य कधीं गेला नव्हता तेथें तळण्याच्या भांड्यांतला उजेड गेला. तो निर्धोक मात्र नव्हता. रीसच्या हातून दोनदां घराला आणि एकदां त्याच्या स्वतःच्या अंगावर आग लागली.

इ. स. १९२९-३० च्या सुमारास ही दारू कांचेच्या फुग्यांत बंद झाली. प्राणवायु भरलेला फुगा, आंत धातूचा वर्ख, बॅटरी लावली कीं आंतल्या आंत लखकन् जळणार. धूर नाहीं, आग नाहीं, परंतु एक चित्र घेतलें कीं एक फुगा खर्ची. इ. स. १९३१ पासून अमेरिकेंत हॅरल्ड एजर्टन यानें वायु भरलेल्या नळींतून विजेची साठवण एकदम सोडून उजेड पाडण्याची रीत विकसित केली. ही नळी पुन्हां पुन्हां वापरतां येते, आणि तिचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकत असल्यामुळें उडणाऱ्या माशीचे पंखही जागच्या जागीं थांबलेले दिसतात. तीच नळी गोल वाकवून भिंगाभोंवतीं बसविण्याचें श्रेय लेस्टर डाइन यास देतात. त्यानें इ. स. १९५२ मध्यें दातांचीं चित्रें घेण्यासाठीं पहिला रिंग फ्लॅश तयार केला. मनुष्याचें तोंड ही दिवा न पोंचणारी गुहाच. तेव्हां गार्सियाच्या आरशाचें आणि डाइनच्या दिव्याचें जन्मस्थान एकाच मुखांत असावें यांत नवल नाहीं. पुढें वनस्पति, कीटक व वैद्यक यांच्या अभ्यासकांनीं तो उचलला. आणि मग फॅशनच्या चित्रकारांनींही उचलला, कारण त्यानें चेहऱ्यावरच्या सुरकुत्या बुजतात आणि डोळ्यांत उजेडाचें गोल कंकण चमकतें. आज तरुण मंडळी मोबाइलपुढें जो गोल दिवा लावून बोलतात त्याचें कूळ हेंच.

हा झाला परदेशचा इतिहास. आपल्याकडे काय झालें? मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी इ. स. १८५४ मध्यें निघाली, म्हणजे या बाबतींत आपण फार मागें नव्हतों. पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन संस्थेंत या विषयाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण यांचें नांव त्या वर्गाशीं जोडलेलें आहे. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु नारायण दाजी यांनींही या कलेंत लौकिक मिळविला. परंतु कॅमेरा, भिंग, कांच, रसायनें हें सर्व विलायतेहून येई, आणि ज्याच्यापाशीं द्रव्य त्याच्यापाशीं कला अशी स्थिति फार दिवस राहिली. ही स्थिति पालटण्याचा यत्न ज्यांनीं केला त्यांत दोन नांवें महाराष्ट्रानें विसरूं नयेत.

पहिलें धुंडिराज गोविंद फाळके यांचें. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेला, जे. जे. स्कूल व बडोद्याचें कलाभवन येथें शिकलेला हा गृहस्थ गोध्र्यास फोटोचें दुकान मांडून, पुराणवस्तु खात्यांत नोकरी करून, छापखाना काढून व सोडून चाळिशीच्या उंबरठ्यावर सिनेमाकडे वळला. त्यांनीं इ. स. १९१२ मध्यें लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, हें खरें. परंतु कॅमेरा आणल्यानें सिनेमा होत नाहीं. कोऱ्या फिल्मला कडेनें भोंकें नसत. तीं अंधाऱ्या खोलींत हातयंत्रानें पाडावीं लागत, आणि तें काम सरस्वतीबाई फाळके करीत. चित्रण सारें सूर्यप्रकाशांत. डोक्यावरच्या उन्हानें पात्रांच्या डोळ्यांखालीं काळ्या खोबणी पडत. त्या घालविण्यासाठीं सरस्वतीबाई घरांतल्या पांढऱ्या चादरी ताणून तासन् तास उन्हांत उभ्या राहत, आणि चादरीवरून परतलेला उजेड पात्रांच्या तोंडावर पडे. सावली बुजविण्याची ही विद्या कंकणदीपाचीच सख्खी बहीण होय. भांडवलदाराचा विश्वास बसावा म्हणून फाळक्यांनीं कुंडींत वाटाण्याचें बीं पेरून त्याच्या वाढीचें थोडथोडें चित्रण दिवसामागून दिवस केलें. अंकुर फुटून वेल पडद्यावर डोळ्यांदेखत वाढतांना लोकांनीं पाहिला. एका कुंडीच्या व एका बियाच्या खर्चांत झालेला हा प्रयोग, आणि त्याच्या बळावर मिळालेल्या पैशांत ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईकरांपुढें आला.

दुसरें नांव कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचें. बाबूराव व त्यांचे बंधु आनंदराव हे मिस्त्रींच्या घरांतले; चित्रें, पुतळे, नाटकांचे पडदे हा त्यांचा व्यवसाय. मुंबईच्या जुन्या बाजारांतून त्यांनीं सिनेमाचें मोडकें यंत्र मिळविलें आणि तें उकलून अभ्यासिलें. इ. स. १९१६ मध्यें आनंदराव निवर्तले, तरी बाबूरावांनीं नाद सोडला नाहीं. विष्णुपंत दामले यांच्या मदतीनें १९१८ च्या सुमारास त्यांनीं स्वतःचा कॅमेरा जुळविला. त्यानंतर १९२० मध्यें 'सैरंध्री' पडद्यावर आली, आणि लोकमान्य टिळकांनीं त्यांचा गौरव केला. १९२३ च्या 'सिंहगड' या बोलपटपूर्व चित्रांत त्यांनीं कृत्रिम दिव्यांच्या उजेडांत चित्रण केलें. कोंढाण्याची रात्र रात्रीसारखी दिसली. विष्णुपंत दामले पुढें प्रभात कंपनीचे एक आधारस्तंभ झाले हें सर्वांस ठाऊक आहे. कोल्हापुरास त्या वेळीं तंत्रशाळा नव्हत्या असें नव्हे; परंतु ही विद्या कोणत्याही शाळेंत शिकवीत नव्हते. ती पडदे रंगविणाऱ्या हातांनीं व लोखंड कानसणाऱ्या हातांनीं स्वतः मिळविली.

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. 'घरीं केलेलें' या शब्दाची आपणांस अलीकडे थोडी भुरळ पडली आहे, आणि दारिद्र्यालाच गुण मानण्याची एक आळशी वृत्ति तिच्या आडून येते. वस्तु स्वस्त आहे म्हणून ती चांगली, असें कोणी म्हणूं लागल्यास तें साफ खोटें आहे. फाळक्यांनीं चादर घरची वापरली, पण कॅमेरा विलायतेहून आणला; हेल्महोल्ट्सनें पुठ्ठा घेतला, पण चष्म्याचीं भिंगें कारागिरानें घासलेलींच घेतलीं. यांत एक सूत्र दिसतें. ज्या भागांत सूक्ष्म मोजमाप लागतें तो भाग जाणत्याकडूनच घ्यावा. ज्या भागांत कल्पना लागते तो भाग घरीं करावा. भिंग घरीं होत नाहीं. उजेडाची वाट मात्र घरीं होते. दारिद्र्याची थोरवी गाणें आणि साधनाच्या अभावीं हातपाय गाळणें या दोहोंपासून हें सूत्र आपणांस वांचवितें.

कंकणदीपाला हें सूत्र लावून पाहूं. बाजारांतला चांगला रिंग फ्लॅश सामान्य विद्यार्थ्याच्या आवांक्याबाहेरचा असतो. परंतु कॅमेऱ्यावर बसणारा साधा फ्लॅश कित्येकांपाशीं असतो. त्याचा उजेड गोल फिरवून भिंगाभोंवतीं आणला कीं काम झालें. यासाठीं सात-आठ इंच व्यासाचा प्लास्टिकचा पसरट डबा घ्यावा. त्याच्या बुडाला मधोमध भिंगाची नळी जाईल एवढें भोंक पाडावें, आणि भोंकाभोंवतीं पुठ्ठ्याची नळी उभी करावी, म्हणजे डब्याच्या आंत चुंबळीसारखा पोकळ मार्ग तयार होतो. या मार्गाला आंतून पोळ्या गुंडाळण्याचा चंदेरी वर्ख चिकटवावा. डब्याच्या कडेला खालच्या बाजूस चौकोनी खिडकी कापून तींत फ्लॅशचें तोंड घट्ट बसवावें. डब्याचें उघडें तोंड, मधली नळी सोडून, बटर पेपरानें झांकावें. मधली नळी आंतून काळी करावी, नाहीं तर भिंगांत आडवा उजेड शिरून चित्र धुरकट होतें. फ्लॅशच्या जवळ उजेड दाट आणि वरच्या अंगाला विरळ पडतो; म्हणून खालीं कागदाचे दोन-तीन पदर द्यावे, वर एकच. पांढऱ्या भिंतीचें एक चित्र घेतलें कीं उजेड सारखा झाला कीं नाहीं तें कळतें, आणि त्याप्रमाणें कागदाचे पदर कमीजास्त करावे. वर्ख, कागद आणि वळणें यांत पुष्कळसा उजेड जिरतो. परंतु वस्तु अगदीं जवळ असल्यामुळें उरलेला पुरतो.

सावधगिरीची एक गोष्ट मात्र ठांसून सांगितली पाहिजे. फ्लॅशच्या पोटांत विजेची साठवण करणारा जो भाग असतो त्यांत सुमारें ३०० व्होल्टांचा दाब असतो, आणि बॅटरी काढून घेतल्यावरही तो बराच वेळ टिकतो. जुने कॅमेरे उघडून त्यांतले फ्लॅश काढण्याचा मोह मुलांना होतो; त्या धक्क्यानें जिवावर बेतूं शकतें. मॅग्नेशियमच्या दारूचा प्रयोग तर कोणीही करूं नये. ती नुसत्या घर्षणानें भडकते. वर सांगितलेल्या रचनेचा मोठा गुण हाच कीं तींत फ्लॅश उघडावा लागत नाहीं. घरचें काम उजेड बाहेर पडल्यावर सुरू होतें. ज्याच्यापाशीं फ्लॅशही नाहीं त्यानें मोबाइलच्या चार्जरवर चालणारी पांच व्होल्टांची एल.ई.डी. पट्टी गोल चिकटवावी. तिचा उजेड मंद असल्यामुळें हालणारा किडा अस्पष्ट येईल, पण स्थिर पान किंवा दगड उत्तम येतो.

आतां हें सर्व माणदेशाला कशासाठीं सांगावयाचें? माण तालुका म्हणजे सह्याद्रीचा पाऊस ज्याच्यापर्यंत पोंचतां पोंचतां दमतो असा मुलूख. कुळकजाईच्या डोंगरांत उगम पावलेली माणगंगा वर्षाचे बरेच महिने वाळूच दाखविते. दहिवडी, म्हसवड, गोंदवलें, शिखर शिंगणापूर हीं नांवें महाराष्ट्राला माहीत आहेत तीं देवस्थानांमुळें व दुष्काळांमुळें. परंतु याच टापूनें घरच्या साधनांवर उभें राहण्याचे दाखलेही दिले आहेत. शेजारच्या औंध संस्थानाच्या अधिपतींनीं दिलेल्या माळरानावर, निवडुंग उपटून, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० मध्यें नांगराचा कारखाना उभारला. आणि कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या 'प्रभाकर' कंदिलानें सातारा जिल्ह्याचा उजेड महाराष्ट्राच्या घराघरांत नेला. ज्या जिल्ह्यानें कंदील केला त्यानें पुठ्ठ्याच्या कंकणदीपाला हंसूं नये.

उपयोग म्हणाल तर हाताशीं आहेत. माण-आटपाडीकडे डाळिंबाच्या बागा आहेत, आणि तेल्या रोगानें त्या बागांचें काय केलें हें तिकडच्या कुटुंबांना सांगावयास नको. हा रोग जंतूंचा आहे. आरंभीं पानावर पाणी मुरल्यासारखे बारीक गडद ठिपके दिसतात, आणि ते ओळखावयाचे तर तेव्हांच ओळखले पाहिजेत. शेतकरी मोबाइलवर चित्र काढून जाणत्याकडे पाठवितो. पण भर दुपारच्या उन्हांत अर्धें पान पांढरें आणि अर्धें काळें येतें, आणि पाहणाऱ्यास ठिपका रोगाचा कीं सावलीचा हें समजत नाहीं. सारख्या, बिनसावलीच्या उजेडांत ठिपक्याचा रंग व कड स्पष्ट येतात. खेड्यांतील दंतचिकित्सेच्या शिबिरांत, शाळेच्या निसर्गमंडळांत, किडींची नोंद ठेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहींत या दिव्याला असेंच काम आहे. एका चित्रावर एका हंगामाची बाग अवलंबून असूं शकते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा विषय शौकाचा राहत नाहीं.

परंतु त्याच माणांत असें एक काम आहे कीं तेथें हा दिवा नेऊं नये. आपल्याकडील जुन्या देवळांच्या आवारांत वीरगळ उभे असतात. सर्वांत खालीं झुंज, मध्यें अप्सरांनीं नेलेला वीर, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची नेहमींची मांडणी. ऊनपावसानें व शेंदुरानें त्यांचे उठाव झिजले आहेत. अशा दगडापुढें कंकणदीप धरला तर उरलासुरला उठावही नाहींसा होतो आणि दगड कोऱ्या पाटीसारखा दिसतो. तेथें उजेड एका बाजूनें, दगडाला जवळजवळ घासून आला पाहिजे. सकाळचें तिरपें ऊन, किंवा रात्रीं बाजूला धरलेली बॅटरी. मग वाऱ्यानें खाल्लेली तरवार आणि शिलालेखाचें पुसट अक्षरही सावलीच्या काठावर उभें राहतें. रोगट पानाला सावली घातक, वीरगळाला सावली हीच वाचा. कोणता दिवा चांगला, हा प्रश्न म्हणून अपुरा आहे. आपणांस वस्तूकडून काय जाणून घ्यावयाचें आहे तें आधीं ठरवावें, मग दिवा कोठें धरावयाचा तें आपोआप ठरतें.

लीबरक्यूनपासून बाबूरावांपर्यंत ज्यांची नांवें वर आलीं त्यांच्यांत समान काय असेल तर हेंच. आधीं प्रश्न पक्का झाला. साधन त्यामागून आलें, आणि तें पुष्कळदां स्वयंपाकघरांतून किंवा जुन्या बाजारांतून आलें. आमच्या महाविद्यालयांत प्रयोगशाळांच्या मागण्यांच्या याद्या होतात, त्या व्हाव्याच. शासनानें व संस्थांनीं चांगलीं यंत्रें पुरविलीं पाहिजेत, आणि तीं माणच्या मुलाला मिळालीं नाहींत तर तो त्याच्यावर अन्याय आहे. परंतु यंत्र येईपर्यंत प्रश्नही विचारावयाचा नाहीं, असा जो एक रिवाज पडत चालला आहे तो मोडला पाहिजे. ज्या घरांत हा अंक जाईल तेथील एखाद्या मुलानें पुढच्या सुटींत एक डबा, थोडा वर्ख आणि एक बटर पेपर घेऊन लिंबाच्या पानावरची अळी नीट पाहिली, आणि मग गांवच्या वीरगळावर संध्याकाळचें तिरपें ऊन केव्हां पडतें तेंही जाऊन पाहिलें, तर त्याच्या हातून एका लहानशा शास्त्राचा आरंभ होईल. पालकांनीं तेवढा एक डबा त्याला द्यावा, आणि तो कशाला हवा म्हणून रागावूं नये, इतकेंच आमचें मागणें आहे.